रिकाम्या हाताने परत पाठवणारा

"पॉइंट किती?" आमच्या गेवराईला कबड्डीतलं एवढंच विचारता येतं. माझा धाकटा भाऊ व्यावसायिक लीगमध्ये खेळायला लागला तेव्हापासून हा प्रश्न मी दुकानात ऐकला, लग्नाच्या पंगतीत ऐकला, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना ऐकला आणि एकदा तर स्मशानात ऐकला. सरण अजून पेटायचं होतं. एक गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काल धाकट्यानं काय दिवे लावले?" मला त्या माणसाची किळस आली. खोटं कशाला बोलू, पुढे पुढे मला सगळ्यांचीच यायला लागली.

आमचं दुकान हायवेला लागून आहे, मागेच घर. पाइप, स्प्रिंकलर, पाण्याच्या मोटारी. आम्ही लिंगायत, घराण्यात दुकानदारी चालत आलेली. वडील गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं आणि भाऊ मैदानाकडे गेला. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, कारण दुकानात तो एक इंचाच्या गिऱ्हाइकाला दीड इंचाचा पाइप कापून द्यायचा. मैदानावर मात्र त्याच्यासारखा शहाणा माणूस मी पाहिला नाही.

तो उजवा कव्हर खेळायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोपऱ्यात जो उभा असतो तो चढाईवर आलेल्याचा पाय धरतो, आणि पेपरात फोटो येतो तो त्याचा. कव्हर त्याच्या आतल्या अंगाला, त्याचा हात धरून उभा. चढाईवाला आला की माझा भाऊ अर्धं पाऊल पुढे व्हायचा, अर्धं मागे. बाकी काही नाही. हात सुटू द्यायचा नाही, आणि चढाईवाल्याला आत शिरायला फट दिसू द्यायची नाही. तो बिचारा उजवीकडे बघायचा, त्याला तिकडचं काही आवडायचं नाही, दोन-चार उड्या मारायचा आणि वेळ संपत आली की रिकाम्या हाताने घरी जायचा. कुणाला गुण नाही, टाळी नाही. पण अशा लागोपाठ दोन रिकाम्या चढाया झाल्या की तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो, नाहीतर तो बाद. मग तो जिवावर उदार होऊन डावीकडे घुसायचा आणि डावा कोपरेवाला त्याला आडवा करायचा. गुण डाव्याच्या नावावर. टीव्हीवर तोच प्रसंग तीन-तीनदा, आणि त्या चित्राच्या कडेला माझ्या भावाचं नुसतं कोपर.

हे समजायला काही फार शिकावं लागत नाही. संघाचा प्रशिक्षक त्याला कधी बाहेर बसवत नसे. चढाईवाले बदलले, कोपरे बदलले, हा जागेवर. खरं तर तिथेच वाद मिटायला हवा होता.

पण आमच्याकडे मामा आहेत. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. सिमेंटची एजन्सी, गळ्यात उपरणं, जत्रेच्या कमिटीचे अध्यक्ष. तरुणपणी आपण फार मोठे खेळाडू होतो असं ते सांगतात. तो खेळ पाहिलेली माणसं एकेक करून कमी होत चालल्यामुळे दर वर्षी तो खेळ सुधारत चालला आहे. संध्याकाळी सामना असला की मामा माझ्या दुकानातल्या टीव्हीसमोर येऊन काउंटरच्या आतल्या खुर्चीत बसायचे, म्हणजे माझ्या खुर्चीत.

"भाच्या, राग नगं मानू," ते म्हणायचे. राग येईल असं काहीतरी बोलण्याआधी ते हे वाक्य हमखास टाकतात. "पोरगं उभंच राहतंय की रं नुसतं. उभा तर इजेचा खांबबी राहतो."

"मामा, चढाईवाला त्याच्या बाजूला फिरकत नाही. का फिरकत नाही ते बघा ना."

"त्यो येत न्हाई तर ह्यानं जावं! घरी बसून कोन आनून देतंय?"

एकदा तलवाड्याचा एक शेतकरी मोटार न्यायला आला होता. त्यालाही वादात उतरायची हौस आली. तो म्हणाला, "शेठ, मोटार चालती का न्हाई ते पान्यावरून कळतं. तुमच्या भावाचं पानी कुठं हाय?"

मी म्हणालो, "शेताला बांध असतो. त्याचं काम तो फुटल्यावर कळतं."

"खरं हाय," तो म्हणाला, "पर बांधाला कोनी पगार देत न्हाई."

दुकानात हशा पिकला. मामांनी तर मांडीवर थाप मारली. त्या हशात सगळ्यांचे गुटख्याने लाल झालेले दात बघत मी उभा राहिलो. माणसं आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीवर किती मोकळ्या मनाने हसू शकतात, याचा मला तेव्हा जो वीट आला तो अजून गेलेला नाही.

मामांचं सोडून देता आलं असतं. आईचं सोडता येईना. आई सामन्याच्या वेळी दिवाबत्ती आटपून घरातल्या टीव्हीसमोर बसायची. तिला खेळ कळत नव्हता आणि कळून घ्यायचाही नव्हता. तिला फक्त सामन्याचं वर्णन करणाऱ्याच्या तोंडून पोराचं नाव ऐकायचं होतं. अख्खा सामना ती कान देऊन बसायची. डाव्या कोपऱ्याचं नाव यायचं, समोरच्यांची नावं यायची, पंचाचं आणि प्रशिक्षकाचंसुद्धा यायचं.

"ह्याचं नाव घेतच न्हाईत रं," ती म्हणायची. "खेळतोय ना त्यो? का कपडे घालून उभा केलाय?"

मी समजावून सांगायचो. ती मान हलवायची आणि रात्री फोनवर त्यालाच विचारायची, "बाळा, तुझं नाव कावून घेत न्हाईत?" मी चिडलो तर म्हणायची, "आईनं इचारू बी नई का?" आता यावर काय बोलणार? तो तिकडून हसून वेळ मारून न्यायचा. पण आई दर सामन्याला विचारायची.

मोसम संपला आणि तो घरी आला. तेव्हाच मामांच्या गावची जत्रा होती. जत्रेत कबड्डीचे सामने, आणि भाच्याला न खेळवता मामा कसले राहतात? आमच्याकडच्या जत्रेतल्या सामन्याची एक रीत आहे. माइकवर एक माणूस अखंड बोलत असतो आणि मध्येच कुणीतरी त्याच्या कानात कुजबुजतं, की लगेच तो ओरडतो, अमक्यांच्या वतीने या चढाईवर बक्षीस! तमक्यांच्या वतीने पुढच्या पकडीवर बक्षीस! देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या नावापेक्षा मोठ्याने. सामना कोण जिंकतंय हे शेवटी कुणाला नीट सांगताही येत नाही. चढाईत गुण मिळाला की बक्षीस, पकड झाली की बक्षीस. आणि चढाईवाला घाबरून परत गेला तर त्याचं बक्षीस नसतं. अशा गोष्टीला बक्षीस लावायचं आजवर कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

भाऊ मामांच्या कमिटीच्या संघातून उतरला. लीगमधला खेळाडू म्हणून गर्दी लोटली होती. आणि झालं काय, तर समोरचे चढाईवाले त्याच्या बाजूला जाईनात. यायचे, बघायचे, परत जायचे. लोक कंटाळले. "ए, झोपला का बे कव्हर?" मागून एकजण ओरडला. कुणीतरी शिट्टी मारली. मामांचा चेहरा उतरला, कारण भाचा त्यांनी आणला होता. ते उठून गर्दीत गेले. तिथे मेंढरांच्या कळपाचा मालक असलेला एक वजनदार गडी बसला होता, त्याच्याशी काहीतरी बोलले आणि धावत माइककडे आले. माइक त्या माणसाच्या हातातून हिसकावूनच घेतला.

"मेंढरवाल्या पावन्यांच्या वतीनं, आपल्या लीगच्या हिऱ्यानं पकड केली तर बोकड! जित्ता बोकड! टाळ्या वाजवा की बे!"

आणि खरंच एक तांबडा बोकड आणून मैदानाच्या कडेला बांधला.

मी भावाकडे बघत होतो. पुढच्या चढाईला तो नेहमीसारखा अर्धं पाऊल पुढे झाला. मग कोपरेवाल्याचा हात त्याने सोडला आणि झेप घेतली. पकड झाली. असा गोंगाट उठला की चढाईवर जायच्या तयारीत असलेला आमचा गडी कानावर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या पुढच्या वेळी भावाने पुन्हा झेप घेतली. या वेळी चढाईवाला खाली वाकून निसटला, आणि हा जिथे उभा राहायचा त्या मोकळ्या जागेतून आत घुसून आमच्या दोघांना शिवून गेला. त्याच्याही पुढे तेच. आम्ही तो सामना हरलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाऊ खांद्यांवर बसून मैदानाबाहेर आला, त्याच्यापुढे हलगी आणि हलगीपुढे बोकड.

तो बोकड आमच्या घरी आला. लिंगायताच्या घरी. आईने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, कारण दारात आलेल्याला काहीतरी लावायला हवं. त्याने पाइपांच्या बंडलांवरची गोणपाटं खाल्ली आणि ठिबकच्या नव्या गुंडाळ्यांवर मुतला. कापायचा प्रश्न नव्हता, विकायला आई तयार होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी धरून ज्याने दिला त्याच्या वाड्यावर नेऊन दिला. तो गडी खाटेवर बसून चहा पीत होता. बोकड बघून गालात हसला.

"ठावंच होतं," तो म्हणाला. "तुमच्या घरात त्याला कोन खानार? म्हनून तर बोललो मी."

म्हणजे बोकड दिलाच गेला नव्हता. नाव झालं, हलगी वाजली, आणि बोकड आपल्या दावणीला परत. मी परत येताना वाटभर शिव्या घातल्या. त्याला कमी, मामांना जास्त. घरी येऊन भावाला सांगितलं. मला वाटलं तोही चिडेल. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "दादा, एवढी वर्सं खेळतोय, पर खांद्यावर पयल्यांदाच बसलो."

"आणि सामना हरलो त्याचं?"

"जत्रंतला सामना कोन धरतंय."

बोलताना त्याच्या तोंडावर जे सुख होतं ते मला बघवेना. लहान पोराला कुणी खोटं नाणं द्यावं आणि त्याने ते मुठीत घट्ट धरावं, तसा तो बसला होता.

पुढच्या मोसमात त्याने लीगमध्ये झेपा टाकायला सुरुवात केली. पहिल्याच सामन्यात टीव्हीवर त्याचं नाव आलं. आई किंचाळलीच. शेजारणीला बोलावून आणलं, कुणीतरी फोनवर उतरवून ठेवलेला तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. त्या आठवड्यात ती नारायणगडाला जाऊन नारळ फोडून आली. मामांनी हायवेच्या नाक्यावर फ्लेक्स लावला, 'पकडीचा वाघ'. त्यावर वाघ तळहाताएवढा आणि मामा पुरुषभर उंचीचे. त्यांच्या आजूबाजूला कमिटीचे झाडून सगळे सदस्य, प्रत्येकाच्या डोळ्यावर काळा चष्मा.

दुकानात आता वाद उरला नाही. "पॉइंट किती?" विचारलं की आकडा सांगता यायचा आणि माणसं समाधानाने पाइप घेऊन जायची. तलवाड्याचा तो शेतकरी पुन्हा आला आणि "आता पडलं पानी" म्हणाला. मला त्याच्या तोंडावर शटर ओढावंसं वाटलं.

कारण मी सामने बघत होतो. भाऊ हात सोडून उडी मारायचा. चारातली एक लागायची, तिचं नाव व्हायचं. बाकीच्या तीन वेळा उजवा कोपरेवाला एकटा पडायचा आणि चढाईवाला त्याला शिवून, वर आणखी एखाद्याला शिवून निघून जायचा. संघ हरत चालला. आणि मामा माझ्या खुर्चीत बसून म्हणायचे, "त्यो कॉर्नर बदलाया पायजे. ह्या पोराला साथच न्हाई."

मी न राहवून भावाला फोन केला. "हात कावून सोडतोस बाबा?" मीही चिडलो की आमच्याच बोलीवर येतो.

"हात धरून नाव होत न्हाई दादा."

"संघ हरतोय."

"तुला पाइपातलं कळतं," तो म्हणाला. "आईला इचार, आई खूश हाय का न्हाई."

मी फोन ठेवला. आई आत खूशच होती. त्या खुशीवरही मला शिसारी आली, आणि आपल्या आईच्या खुशीवर शिसारी येणाऱ्या माणसाने कुणाला सांगावं?

मोसमाच्या उत्तरार्धात प्रशिक्षकाने त्याला बाकावर बसवलं. मोसम संपल्यावर संघाने त्याला सोडून दिलं. म्हणजे आता नव्या लिलावात कुणी घेतला तर खेळ, नाहीतर पाइपांचं दुकान. मामांनी निकाल ताबडतोब लावला. "राजकारन हाय. मराठवाड्याच्या पोराला वर येऊ देत न्हाईत." दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या भागात एवढं एक वाक्य पाठ असलं की माणसाला आयुष्यात आणखी काही समजून घ्यावं लागत नाही.

लिलावाच्या दिवशी दुपारपासून दुकान भरलं. मामा पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि काउंटरवर ठेवला. भाऊ मागे पाइपांच्या थप्पीवर बसला होता. दाढी केली होती, नवा शर्ट घातला होता. आईला आत बोलावलं तर ती नको म्हणाली. दारातच पायरीवर बसून राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

त्याचं नाव पुकारलं गेलं. पडद्यावर त्याचा फोटो आला आणि शेजारी गेल्या मोसमातल्या पकडींचा आकडा, चांगल्या ठळक अक्षरांत. "आता बगा!" मामा म्हणाले. पडद्यावरच्या टेबलांमागे माणसं बसली होती. कुणी पाणी पीत होतं, कुणी शेजाऱ्याशी बोलत होतं. कुणाचाही हात वर झाला नाही. पुकारणाऱ्याने पुन्हा विचारलं, एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि पुढचं नाव घेतलं. बस, इतकंच. त्याला मोटार सुरू करायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

नंतर बऱ्याच वेळाने भावाच्याच जुन्या संघाने एक उजवा कव्हर घेतला. अनोळखी पोरगा, कुठल्या तरी लहान गावचा. त्याच्यासाठी तीन संघ भांडले. पडद्यावर त्याच्या पकडी आल्या तर अगदीच नावापुरत्या.

"आं? ह्याला कावून घेतला बे?" मामा खुर्चीतून उठलेच. "ह्याच्या नावावर तर कायबी न्हाई! झोपेत हायत का काय हे लोक?"

सगळे भावाकडे बघायला लागले. तो थप्पीवरून उतरला. माझ्याजवळ आला आणि त्याने माझा हात धरला. मला वाटलं त्याला घेरी आली. पण त्याने मला ओढून मोटारींच्या खोक्यांपाशी, भिंतीच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं, आणि हात तसाच धरून माझ्या आतल्या अंगाला उभा राहिला. गुडघ्यात थोडा वाकला.

"मामा, तुमी रेडर. चढाईवर या."

मामा उपरणं सावरत दोन पावलं पुढे आले. भाऊ अर्धं पाऊल पुढे झाला. त्याने काही केलं नाही, पण त्याच्या पंजातून मला कळलं की आता माझ्याकडे कुणी येऊ शकत नाही. मामा उजवीकडे बघून थांबले, डावीकडे सरकले, पुन्हा थांबले.

"आता कुठं जाता?" भाऊ म्हणाला. "हिकडं जागा न्हाई. तिकडं गेलात तर दुसरा तुमाला धरतो. धरला की त्याचं नाव. पर तुमाला तिकडं लावलं कोनी? ह्या नव्या पोराला हे येतं. ह्याला पकड करायचीच न्हाई मामा, ह्याला फकस्त जागा सोडायची न्हाई. असा मानूस संघात असला तर बाकीचे धरत्यात."

मी वर्षानुवर्षे जे सांगत होतो ते त्याने चार वाक्यांत सांगितलं. दुकानात पहिल्यांदाच ते सगळ्यांना कळलं. चेहऱ्यांवर दिसत होतं. मामा तर हरखून गेले. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला.

"आस्सं हाय होय! लई भारी काम हाय की रं हे," ते म्हणाले. आणि पेढा चघळत, अगदी मनापासून, त्यांनी भावाला विचारलं, "तुला जमलं असतं का रं असलं?"

त्याने माझा हात अजून सोडला नव्हता. मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल, नाहीतर मी तरी बोलेन. माझ्या तोंडात शिवी आली होती.

"न्हाई मामा," भाऊ म्हणाला. "लई अवघड असतंय ते."